गूळभेंडीचं बियाणं

आज दुपारी देवगाव फाट्याजवळ आमच्या शेतात जो हुरडा वाढला जाणार आहे, तो आक्काचा नाही.

बॅनरवर आक्काचा फोटो आहे. खाली लिहिलंय, "आक्कांनी जपलेलं बियाणं, आक्कांच्या हातची चव."

खोटं आहे.

आक्का म्हणजे माझी आत्या. तिला जाऊन आज वर्ष झालं. बॅनर लावलाय तिच्या सख्ख्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या काकांनी.

सकाळपासून मोबाईल हातात घेऊन बसलेय. लिहून लिहून डिलीट केलं. पण टाकतेच.

लहानपणी मी सारखी आजारी असायचे, म्हणून शाळेत उशिरा गेले. अक्षरं आक्कानं शिकवली. आगटीच्या राखेत, बोटानं.

आगटी म्हणजे शेतातला छोटा खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा आणि ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची.

महिनेसुद्धा तिनंच शिकवले. वाळूक आलं की भादवा. तुरीच्या शेंगा उकडायला आल्या की मार्गशीर्ष. हुरडा आला की पौष.

"आन् हुरडा संपल्यावर?"

"संपला म्हंजे संपला. वर्सभर वाट बघायची. त्याबिगर गोड लागत न्हाई माय."

आमची ज्वारी गूळभेंडी, हुरड्याची गोड जात. तिचं बियाणं आक्का स्वतः काढायची. विहिरीमागच्या काही ओळी त्यासाठी राखलेल्या. तिकडं कुणी हात लावायचा नाही.

हुरडा खायची तिची रीत होती. ताट नाही. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि गरम दाणे समोरच्याच्या हातात द्यायचे. त्याचं चावून होईपर्यंत पुढचं कणीस विस्तवात जायचं नाही.

चोळणाऱ्यानं मधे खायचं नाही. सगळ्यांचं झालं की शेवटचं कणीस त्याचं, आणि ते दुसऱ्या कुणी तरी चोळून द्यायचं.

आक्काला ते मी द्यायचे. डोळे मिटून खायची.

मग काकांनी हुरडा पॉइंट काढला. ताटं आली, खुर्च्या आल्या, रील काढणारे आले. "लवकर आणा हो" म्हणणारे आले. आक्का तशीही चोळत राहिली. हात भाजले तरी.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी दाणे टणक झाले असते. आक्काची तब्येत खालावली होती, तरी दिवसभर बसली आगटीला. संध्याकाळी एकच कणीस उरलं. ते मी चोळत होते.

काकांनी माझ्या हातातून घेतलं.

"काका, आक्काचं हाय ते."

"गिऱ्हाईकासमोर घरच्यांनी खात बसायचं न्हाई. शोभत न्हाई."

आणि संभाजीनगरच्या एका पाहुण्याच्या ताटात टाकलं. त्या माणसाचं पोट भरलेलं होतं. त्यानं ते तसंच सोडलं.

 आक्कानं हात झटकले आणि ती उठली.

एकतर्फी लिहू नये म्हणून हेही लिहिते. आक्काला दवाखान्यात काकाच न्यायचे. रात्र रात्र बसायचे. ते खरं आहे. तिच्या वाटचं कणीस काढून घेतलं, हेही खरं आहे.

त्याच वर्षी भादव्यात मी परभणीहून घरी आले. आक्का खाटेवर होती.

"माय, ते गाडगं उतरव. आन् गिरणीला जा."

"आक्का, बियाणं हाय त्यात."

"मला सांगायलीस? मीच ठिवलंय."

"बियाणं खाऊ न्हाई आक्का. पाप लागंल."

"लागू दे. माझ्या नावावर लाव. तू नुसतं चाळून घे, राख लय हाय त्यात."

मी चाळलं. गिरणीत पीठ पडताना मी बघत उभी राहिले. तिच्या आईपासून चालत आलेलं बियाणं होतं ते.

रोज एक भाकरी करायचे. ती चतकोर खायची, उरलेली मी. सोबत कारळ्याची चटणी, कधी वाळकाची फोड. एक घास किती वेळ चावायची! मधेच म्हणायची, "गोड हाय का न्हाई?"

होती. भाकरीसुद्धा गोड होती.

दसऱ्याच्या सुमाराला काका पेरणीसाठी आले.

"आक्का, बियाणं कुठाय?"

"खाल्लं."

"कामून चेष्टा करायलीस?"

"चेष्टा कशाला करू? हुरडा न्हाई मिळाला, म्हून भाकरी करून खाल्ली. लय झ्याक झाली."

काका गाडग्यात हात घालून बघत राहिले. आक्का माझ्याकडं बघून हसली. आजारपणात तेवढी एकदाच हसली.

पौषात गेली.

त्या दसऱ्यापासून काका सेलूहून आणलेलं बियाणं पेरतात. पेरू द्या. पण त्याला तिचं नाव नाही द्यायचं. तिला एक कणीस दिलं नाही, तिचं नाव कसं विकता?

आज येणाऱ्या पाहुण्यांनो, दाणा दाताखाली धरा आणि सावकाश चावा. नुसता पाणचट लागला तर काकांना विचारा, गूळभेंडी कुठं गेली. सगळ्यांसमोर विचारा.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार. बाबाही वाचणार आणि मला फोन करणार. मी काढणार नाही. आधी बॅनर उतरवा.

तो हुरडा आता मलाही कधी मिळणार नाही. गिरणीच्या रांगेत उभी होते तेव्हाच कळत होतं. पिशवी घेऊन परत फिरता आलं असतं. नाही फिरले.

आक्का, तुला मनापासून श्रद्धांजली.

बाकी कुणाला माफी नाही.