सात अंशांचा संशय

नाथसागरावर मासळी गोळा करणाऱ्या एका छोट्या बोटीवर रडार बसवायला मी गेले, तेव्हा बोट चालवणारे केरबा मामा माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले ते असं होतं : "ताई, पिशवीत काय काय हाय ते आधी दाखवा."

मी उस्मानपुऱ्यात राहते. नाव सुकेशनी. आठ वर्षं वाळूजच्या कारखान्यात काढली, आता यंत्रं बसवून द्यायची कामं स्वतःच घेते. कारखान्याच्या गेटवर पिशवी उघडून दाखवायची सवय होती, धरणाच्या काठावर नव्हती. राग गिळून मी पाने, वायरी, बोल्ट सगळं फळीवर मांडलं. मामांनी एकेक वस्तू उचलून बघितली.

साठीपुढचा वाळकुडा माणूस. घराणं मेंढरं राखणारं. मेंढरं पाण्यावर आणता आणता ते होडीवर कामाला लागले आणि पुढं मच्छी सोसायटीच्या या बोटीचं सुकाणू त्यांच्या हाती आलं. कुणावर म्हणून भरवसा नाही. टाकीतलं डिझेल स्वतः काडी बुडवून बघणार, बर्फाची लादी पोकळ तर नाही ना म्हणून ठोकणार. आदल्या हिवाळ्यात धुक्यात बोट खडकाला घासली, म्हणून सोसायटीचे चेअरमन पुंडलिकराव यांनी रडार मागवलं होतं. मामांना ते कारण पटलं नव्हतं.

छपराच्या खांबावर मी रडारची पांढरी पेटी चढवत होते. मामा खाली उभे.

"ह्यातलं आणखी कुणाला दिसतं?"

"कुणालाच नाही. फक्त तुमच्यापुढच्या पडद्यावर."

"पुंडलिकरावाच्या मोबाइलवर?"

"नाही मामा."

"मंग त्याला येवढी हौस काहून?"

मी पेटी दोन यू-बोल्टांनी खांबाला आवळली आणि जुळवणी सुरू केली. पडद्यावर बोटीच्या नाकासमोरची एक रेघ असते. नाक ज्या वस्तूवर धरलंय ती वस्तू त्या रेघेवरच दिसली पाहिजे. नाही दिसली तर जितके अंश फरक, तितके यंत्रात भरायचे. लांब पाण्यात जॅकवेलचा, धरणातून पाणी उपसायच्या विहिरीचा, मनोरा उभा होता. त्यावर नाक धरायला लावून मी रेघ जुळवली, मनोऱ्याचं अंतरही ताडून बघितलं आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन. "तुमचं मशीन खोटं बोलतंय."

गेले. खरंच, नाक मनोऱ्यावर असताना मनोरा रेघेच्या उजवीकडं, सात अंशांवर दिसत होता. पेटी हातानं हलवून बघितली, जागची हलेना. माझ्या मनात सरळ हिशेब झाला : इतकी घट्ट पेटी आपोआप फिरत नाही. कुणी तरी ढिली करून, फिरवून, पुन्हा आवळलीय. आणि रडार नको असलेला माणूस बोटीवर एकच होता.

बाभळीच्या आडोशाला जाऊन मी पुंडलिकरावांना फोन केला. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. उद्यापासून घरी बसवतो केरबाला."

परत आले तर मामा माझ्याकडंच बघत होते.

"माझंच नाव सांगितलं नं?"

ते मला खांबापाशी घेऊन गेले. खांब आणि पेटीचा पट्टा, दोन्हींवरून मिळून मेंढरांना खूण करायच्या लाल रंगाची रेघ ओढलेली होती. आता ती मधोमध तुटून सरकली होती.

"तुम्ही गेल्या आन् मी ही मारली. वाटलं, मागून येऊन तुम्हीच कायतरी कराल. आता ही म्या फिरवली का आपसूक फिरली, तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्यांनी शेजारी नवी रेघ मारली आणि इंजिन चालू केलं. सगळी बोट थरथरायला लागली. अर्धा तास आम्ही पाण्यावर फिरलो, मी खांबाला चिकटून उभी. नव्या रेघेत आधी केसाएवढी फट पडली, मग नखाएवढी.

मी नट खोलले. थरथरीनं नट ढिले पडू नयेत म्हणून घालायचे स्प्रिंग वॉशर नव्हते. गुळगुळीत खांब आणि पट्टा यांच्यामध्ये घालायची रबराची पट्टीही नव्हती. दोन्ही माझ्याच पिशवीत पाकिटात पडून होती.

"चूक माझी आहे, मामा."

"आसंल. पण पुंडलिकरावाला कोण सांगणार?"

स्पीकर लावून मी त्यांच्यासमोरच फोन केला, सगळं सांगितलं. पुंडलिकराव "बरं, राहू द्या मग" एवढंच म्हणाले. मामांचं समाधान झालं नाही.

"तोंडी नको. लिहून द्या."

कामाच्या कागदावर मी लिहिलं, सही केली, वाचून दाखवलं. मग मामांनी सुनेला, ज्ञानेश्वरीला, व्हिडिओ कॉल लावला आणि कागद मोबाइलपुढं धरला. "ताईनं वाचलं तेच लिवलंय का, बघ गं."

ती लाजली. "व्हय मामा, तेच हाय. ताई, राग नका मानू."

राग कसला मानणार होते मी? कागद घडी होऊन बंडीच्या आतल्या खिशात गेला आणि आम्ही कामाला लागलो. रबर, वॉशर, पुन्हा मनोरा. मामांनी तीन वेगवेगळ्या जागांवरून रेघ बघायला लावली. चौथ्यांदा बोट फिरवा, असं मीच म्हटलं.

मामा अजून त्याच बोटीवर आहेत. धुक्यात पडदा बघून चालवतात, असं ज्ञानेश्वरी सांगते, आणि मधूनच इंजिन बंद करून पाण्याकडं कान लावून बसतात.