आमच्या फाटकापुढे तुटलेली रेघ

साळवेकाका गेल्याचं मला गाडी धुताना कळलं. समोरच्या वहिनी फाटकाशी येऊन म्हणाल्या, "काका गेले हो... पहाटे, झोपेतच." मी "अरे अरे" म्हणालो आणि राहिलेली दोन चाकंही धुऊन काढली. फडकं पिळून वाळत घातलं, मग तीन घरं पलीकडे त्यांच्याकडे गेलो. आता याची लाज वाटते, पण तेव्हा काहीच वाटत नव्हतं. महिना होत आला, अजून रडू आलेलं नाही.

काका मूळचे कर्जतकडचे. सगळी नोकरी मोजणी खात्यात, शेतांच्या बांधांवरून साखळी ओढण्यात गेली. निवृत्तीनंतर नगरला, सावेडीत आमच्या गल्लीत घर बांधलं आणि पुढचं आयुष्य सायकलवर काढलं. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या रोज सकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या बुद्धविहारापर्यंत जायच्या. पण आमच्याकडे प्रत्येकाने गाडी आत घ्यायला फाटकापुढे सिमेंटचा रॅम्प केलेला, आणि दोन रॅम्पांच्या मधे स्कूटर. त्यामुळे काकू भर रस्त्यातून चालायच्या आणि मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायचे. एकदा एका टेम्पोचा आरसा त्यांच्या खांद्याला घासून गेला... त्या दिवशी काकांनी मोजणीचा जुना टेप बाहेर काढला.

त्याच सुमारास पालिकेने रस्त्यासाठी हरकती-सूचना मागवल्या होत्या, म्हणून मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कडेची पट्टी मोकळी ठेवा, एवढंच काकांचं म्हणणं. पण व्यक्ती तितक्या प्रकृती. एक म्हणाले, गतिरोधक हवा, पण पुढच्या घरासमोर घ्या, आमची म्हातारी दचकते. दुसऱ्याने विचारलं, "सायकल आता चालवतंय कोण?" सायकलसाठी पँटला लावलेली क्लिपही न काढता काका उठले. "मी हाय की." सगळे हसले, मीही हसलो. मग वर शहाणपणाने विचारलं, "पण काका, गाड्या लावायच्या कुठे?" कॉलेजात शिकवतो म्हणून गल्लीत माझ्या बोलण्याला वजन. बैठक तिथेच बारगळली.

काका कुठले गप्प बसतात! मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की त्यांनी आणली आणि एकेका घरमालकाला बाहेर बोलावून, मोजून त्या पट्टीची रेघ मारायला लागले. "मोजनीला मालक हजर लागतो. माघारी वढलेली रेघ भांडन लावती," हा त्यांचा खात्यातला नियम. आपला रॅम्प किती पुढे आलाय ते प्रत्येकाला डोळ्यांनी दिसलं, आणि कुरकुरत का होईना, लोकांनी ते फोडले. माझ्या फाटकाशी काका रोज सायकलवरून उतरायचे.

"काय सर, हजर हाय का?"

"उद्या, काका."

रॅम्पला नवी फरशी बसवली होती, ती फोडायची नव्हती, एवढंच खरं कारण. त्यांना ते कळत असणार. तरी माझ्या माघारी त्यांनी कधी टेप लावला नाही. गल्लीभर रेघ गेली, आमच्या फाटकापुढे तेवढी तुटली.

विहारात काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून रॅम्प फोडला. कुणी काही म्हणालं नव्हतं. राडारोडा उचलून झाल्यावर सकाळी दारात उभा होतो. पुसट झालेल्या रेघेच्या आतून काकू काठी टेकत आल्या. आमच्या फाटकाशी थांबल्या, रस्त्यात उतरल्या आणि नेहमीसारखा वळसा घालायला लागल्या...

"काकू, सरळ या की. मोकळं केलंय आता."

"रेघ कुठंय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "फक्की पडलीय घरी अर्धी गोनी. कवा मारताय?"

'उद्या' जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि त्यांच्या घरी जाऊन टेप घेऊन आलो. दारामागच्या खिळ्याला, सायकलच्या बरोबर वर तो टांगलेला होता. काकूंनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि टेपचं टोक माझ्या फाटकाच्या खांबाशी धरलं. मी टेप ओढत रस्त्याकडे सरकलो. काकू टेपकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"हजर हाय का, सर?"

"हजर," मी म्हणालो.