हवेलीतली खुर्ची
परवा जेवणाच्या टेबलाला मेणाचं पॉलिश केलं आणि त्या वासासरशी व्हर्जिनियातली ती हवेली आठवली. इंग्लंडमधल्या कुण्या जमीनदाराचं ते घर एका धनिकानं उतरवून, विटा-तुळया जहाजानं आणून इथे नदीकाठी पुन्हा उभं केलं होतं. पुण्याहून माझ्याकडे अमेरिकेत आलेल्या आईला मी हौसेनं तिथे नेलं. आत ओकच्या लाकडाची अंधारी दालनं, चिनी मातीची ताटं, भिंतभर विणलेले पडदे, आणि सगळीकडे मेणाचा वास. गाइडबाई भरभर इंग्रजीत सांगत होत्या, मी आईला अर्धंमुर्धं मराठीत. चालून चालून आईचे गुडघे बोलायला लागले. एका कोरीव खुर्चीवर, कुणी बसू नये म्हणून, पाइनचं सुकलेलं बोंड ठेवलं होतं. आईनं ते उचलून मांडीवर घेतलं आणि हुश्श करत बसली. “मॅम, प्लीज!” म्हणत गाइडबाई धावल्या. सगळा ग्रुप वळून बघू लागला. “आई, ऊठ आधी! लोक बघतायत,” मी दबक्या आवाजात खेकसलो. ती इतक्या घाईनं उठली की तिचा तोलच गेला. गाइडबाईंनी स्वतःची घडीची खुर्ची आणून दिली, पण आई बसली नाही. शेवटपर्यंत हात पोटाशी धरून उभी राहिली. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि बाहेर येऊन बघतो तर ती सोफ्यापाशी उभीच. “इथं बसलं तर चालेल ना रे?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. “अगं, बस ना,” म्हणत मी सोफ्यावरची उशी बाजूला केली. आता रोज फोनवर आम्ही सगळं बोलतो. त्या दुपारचा विषय मात्र दोघंही काढत नाही.