टेस्ट दिली होती का?

आमचा दवाखाना घाटकोपरला, इमारतीच्या तळमजल्यावर, आणि आम्ही बरोबर त्याच्या डोक्यावर राहायचो. ऐंशीच्या दशकात फॅमिली डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस, त्यामुळे त्याच्या जेवणाची, झोपेची पर्वा कोणालाच नसे. ह्यांनी आमटीभात कालवला की दारात कोणीतरी उभं. "जेवा, जेवा डॉक्टर, मी थांबतो." आणि खरंच थांबायचे, ताटाकडे बघत! माझं डोकं फिरायचं. हे मात्र हात धुऊन निमूट उठायचे.

त्या पावसाळ्यात आमच्या भागात काविळीने थैमान घातलं आणि हे बोलेनासे झाले. मुलीने नुसती हाक मारली तरी दचकायचे. दमलेत, दुसरं काय, असं मी स्वतःला समजावत राहिले.

एका संध्याकाळी कंपाउंडर धापा टाकत वर आले. "वहिनी, खाली चला. डॉक्टर सुई धरून नुसतेच बसलेत."

मागच्या चाळीतली, पायाची जखम चिघळलेली एक बाई दंड उघडा करून स्टुलावर बसली होती. ह्यांच्या हातात पेनिसिलिन भरलेली सिरिंज. ते औषध सगळ्यांना सोसत नाही, एखाद्याचा जीवही घेतं. म्हणून आधी हातावर थेंबभर टोचून थोडं थांबायचं, काही उठलं नाही तरच इंजेक्शन. डॉक्टरच्या घरात राहून एवढं मलाही माहीत होतं.

"अगं, हिला टेस्ट दिली होती का मी?" ह्यांनी विचारलं. मला! मी वर भाजी चिरत होते.

"दिली असेल की," बाईच म्हणाली. "द्या ना डॉक्टर, घरी पोरं एकटी आहेत."

हे उठले. आता टोचणार, असं वाटून मी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. टोचल्याची खूण कुठेच नव्हती. मी सिरिंज काढून घेतली, तर ह्यांनी ती लगेच सोडली.

"डॉक्टरांना बरं नाही, दवाखाना बंद," मी बाहेर येऊन सांगितलं.

बाकावरचे मालवणी आजोबा चिडले. "डाक्टर कसो आजारी पडतलो? मगे आमका कोण बघतलो?"

"कोणीही बघेल!" मी ओरडले आणि कंपाउंडरना शटर ओढायला लावलं.

वर येऊन हे बूटही न काढता पलंगाच्या कडेवर बसले. दिवसभर ते लोकांना विचारायचे तेच मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"झोप लागत नाही." हे बुटांकडे बघत होते. "सगळ्या चेहऱ्यांची सरमिसळ होते. आणि सकाळी वाटतं, उठूच नये. कधीच."

इतकी मी आयुष्यात घाबरले नव्हते. ह्यांचे एक वर्गमित्र मुलुंडला मनोविकारतज्ज्ञ होते. उद्या सकाळी त्यांच्याकडे जायचं, असं मी सांगून टाकलं.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? लोकांना कळलं तर एक पेशंट पायरी चढणार नाही."

"नाही चढले तर नाही चढले."

"अगं, पण त्यांचं कसं होणार?"

"ते जगतील हो," मी खाली बसून ह्यांच्या बुटांची नाडी सोडली. "तुम्ही जगा."