रॅम्पपलीकडचा माणूस

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी वडाळ्याच्या घरी चहा गाळत होतो. "भावजी, हे खुर्चीत बसलेत, पण हाक मारली तर बघत नाहीत..." डिलाईल रोडला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. विश्राम गॅलरीकडे तोंड करून तसाच बसलेला. महिना होऊन गेला, पण तो गेला असं अजून नीट म्हणता येत नाही.

आम्ही एकाच चाळीत वाढलो. दोघांचेही वडील गिरणीत. मी बँकेत चिकटलो, विश्राम नौदलात गेला आणि नोकरीतली बरीच वर्षं त्याने रणगाडे उतरवणाऱ्या जहाजावर काढली. सुट्टीवर आला की त्या जहाजाचं वर्णन करताना त्याला भान राहत नसे. नाकाडाचे दोन दरवाजे कपाटासारखे उघडतात, आतून रॅम्प खाली येतो, आणि मागे लांबलचक रिकामं पोट. "विणायचे साचे काढून नेलेलं गिरणीचं खातं बघ, तसंच." त्या पोटात रणगाडे, आणि दोन्ही अंगांना चिंचोळ्या जागेत माणसांचे बंक. तळ सपाट, म्हणून जहाज थेट वाळूवर चढतं. पण त्याच तळामुळे भर समुद्रात असं लोळतं की जुने खलाशीही ओकतात. किनाऱ्याला लागण्याआधी मागे नांगर टाकायचा आणि निघताना त्याचाच दोर गुंडाळत स्वतःला मागे ओढून घ्यायचं. कप्तान पार मागे, उंचावर. रॅम्पच्या पायथ्याशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ते बघून फोनवर सांगायचं काम विश्रामचं.

निवृत्तीनंतर एकदा, मी न विचारताच, तो बोलला. पूर्वेकडच्या एका बेटावर वादळानंतर अख्खं गाव जहाजात घेतलं होतं. रणगाड्यांच्या जागी बायका, म्हातारी माणसं, शेळ्या. ओहोटी लागलेली; आणखी थोडं थांबलं असतं तर जहाज सगळ्यांसकट वाळूत रुतलं असतं. रॅम्प वर येत असताना त्याच्या कडेवरून विश्रामला दिसलं... कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हात हलवत नव्हता, ओरडत नव्हता. नुसता बघत होता. त्याच वेळी फोनवर कप्तानाचा आवाज आला, "कोणी राहिलंय?" विश्राम म्हणाला, "कोणी नाही, सर."

"मी खोटं बोललो रे," तो मला म्हणाला. "तेवढंच बोललो, आणि दरवाजे लागले."

पुढे वर्षभरातच त्याने त्या बेटावर जायचं ठरवलं. वहिनींच्या आग्रहाखातर मी सोबत गेलो. गाव पुन्हा वसलं होतं, बहुतेक बंगाली घरं. गावप्रमुखाने आम्हाला नारळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एका म्हातारीला बोलावलं. मोडक्या हिंदीत ती म्हणाली, "सबसे आखिर में मैं चढ़ी। मेरे पीछे कोई नहीं था।" जहाजातून उतरल्यावर छावणीत घराघराची माणसं मोजली होती, गावप्रमुख म्हणाला. एकही कमी नव्हतं. बाहेरचं त्या दिवसांत कोणी आलं नव्हतं.

मला हायसं वाटलं. परत किनाऱ्याकडे चालताना मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास बघ!"

विश्राम पाण्याकडे बघत राहिला. "सुटलो कसा? तो त्यांचा असता, तर त्यांच्या पाया पडलो असतो. आता तो फक्त माझाच झाला ना रे..."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. हसायचा, गणपतीत आरतीला उभा राहायचा, माझ्याशी क्रिकेटवरून भांडायचा. पण मधूनच बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, आणि मीही वळून बघायचो. मागे काही नसायचं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. निघताना त्या दारापर्यंत आल्या, आणि मी चप्पल घालत असताना गॅलरीत वाकून दोन्हीकडे बघू लागल्या.

"कोणाला बघताय?" मी विचारलं.

"कोणाला नाय. दार लावायच्या आधी हे असे बघायचे. रोज. मी हसायचे त्यांना." मग हळूच म्हणाल्या, "आता माझ्याच्यानेही न बघता दार लावून घेववत नाही, भावजी."

मी जिना उतरलो. खाली फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो, पण वरून कडी लागल्याचा आवाज काही आला नाही.