तिसरा धातू

लायल ड्रेगरच्या हातून या गावातल्या निम्म्या मोऱ्यांची घाण निघालेली आहे. पाइपातून केसांचा बोळा ओढून काढावा आणि त्याच दुपारी निवांत सँडविच खावं, अशा पोटाचा माणूस. त्याला शिसारी यायची ती आमच्या दुकानाच्या पुढच्या भिंतीची. तिथं नळांच्या मुलाम्यांचे नमुने टांगलेले असतात. चकचकीत क्रोम, मंद निकेल, पितळ, तांबूस पितळ, काळा, आणखी एक काळा.

"जोआन, आता किती झाले गं?" तो विचारायचा.

"चौदा."

"उलटी येते मला या भिंतीकडे बघून," असं म्हणून तो मागच्या बाजूला जायचा. मागे साधे पाइप, एल्बो आणि वॉशर असतात.

मॅनिटोवॉक गावातल्या या दुकानाच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं आहे. लायल प्लंबर, मी सामान विकणारी. त्याची बायको गेल्यापासून तो फारसा बोलत नसे, पण माझ्याशी बोलायचा. म्हणून व्होगेल बाईंच्या बाथरूमचं सगळं मला ठाऊक आहे. शिवाय त्यात माझाही हात होता.

शेरिल व्होगेल दाताच्या डॉक्टरकडे कामाला आहे. तिची आई वारली, आणि ईस्टरनंतर तिचे वडील एल्मर, वय त्र्याऐंशी, तिच्याकडे राहायला येणार होते. खालच्या मजल्यावरचं बाथरूम त्यांच्यासाठी नवं करायचं ठरलं. ती एका शनिवारी आली आणि दीड तास नमुने हातात घेऊन बसली. खिडकीपाशी नेऊन बघायची, परत दिव्याखाली आणायची. कुठलं कशाबरोबर जातं हे तिला कळेना. मग सगळ्यांना सांगते तेच मी तिला सांगितलं.

"एक धातू मुख्य ठेवा. दुसरा जोडीला चालतो. तिसरा आणू नका, नाहीतर भांड्यांचं दुकान दिसतं."

तिला ते एकदम पटलं. नळ, शॉवर आणि टॉवेलची दांडी मंद पितळी. आरशाची चौकट, कपाटाच्या मुठी आणि दारांच्या बिजागऱ्या काळ्या. राहिल्या त्या भिंतीला लावायच्या आधाराच्या दांड्या, म्हाताऱ्या माणसाला धरून उठता येतं त्या. नळाच्या कंपनीच्या पितळी रंगात त्या नव्हत्याच. दुसऱ्या कंपनीच्या मिळत होत्या, पण यायला अकरा आठवडे.

"स्टीलच्या माझ्या गाडीत पडल्यात," लायल मागून येत म्हणाला. बसवायचं काम त्याच्याकडेच होतं. "उद्या लावतो."

"नको," शेरिल म्हणाली. "स्टील म्हणजे तिसरा धातू. थांबू आपण."

लायलने माझ्याकडे बघितलं. मी पावती फाडत होते.

आरसा उशिरा आला, म्हणून दुकान बंद केल्यावर घरी जाताना मीच तो पोचवायला गेले. नुकतेच राहायला आलेले एल्मर कमोडच्या बंद झाकणावर बसले होते. बाजूच्या भिंतीवर स्टीलची जाड दांडी होती. लायलने कुणाला न विचारता ती भिंतीतल्या लाकडी खांबात पक्की बसवली होती. एल्मर ती धरून उठत होते, परत बसत होते.

"हा माणूस बरा आहे," हत्यारं आवरणाऱ्या लायलकडे बघून ते मला म्हणाले. "फार विचारत बसत नाही." मग पितळी नळाकडे बोट दाखवून म्हणाले, "मी तीस वर्षं नळांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होतो. घासून घासून आरसा करायचो. हा कुणी अर्धवट घासून ठेवलाय?"

"बाबा, तशीच पद्धत आहे आता," दारातून शेरिल म्हणाली. मग तिला दांडी दिसली. तिचा चेहरा पडला. "लायल, मी नाही म्हटलं होतं ना?"

"तुमचं सामान येईपर्यंत राहू दे, बाई. मग काढतो."

"भोकं राहतील. आणि मला रोज आत आल्यावर ते दिसणार. प्लीज, काढा."

"तुमचे वडील टब ओलांडणार कसे?"

"मी असते ना घरात. हाक मारतील."

"अंघोळीला लेकीला हाक मारू?" एल्मर म्हणाले. शेरिल दांडीकडेच बघत होती. मग तेच म्हणाले, "काढ, पोरा. घर तिचं आहे."

लायलने स्क्रू काढले. भोकं बुजवली, वरून रंगाचा हात मारला. आरसा भिंतीला टेकवून मी तिथंच उभी होते.  खरं सांगायचं तर बाथरूम दिसत छान होतं.

अठरा दिवसांनी सकाळी एल्मर टबातून बाहेर येताना घसरले. धरायला हाताशी टॉवेलची दांडी होती, तीच त्यांनी धरली. ती नुसत्या प्लास्टरच्या बोर्डात बसवलेली. टॉवेलचं वजन झेलायला केलेली वस्तू ती. बोर्डाच्या तुकड्यासकट हातात आली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळ, मग व्यायामाचं केंद्र, मग नदीपलीकडचा वृद्धाश्रम. शेरिलच्या घरी ते परत आले नाहीत.

लायल दुकानात आला तो काही न घेताच उभा राहिला.

"तिने सांगितलं म्हणून काढलीस तू," मी म्हटलं.

"तिची नुसती तोंडाची वाफ होती. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता." तो काउंटरची कड नखाने खरवडत होता. "बावीस जणांना मी आजवर नाही म्हणून निघून आलोय, जोआन. कुणी गॅसचा पाइप चुकीचा टाक म्हटलं, कुणी आणखी काही. आणि इथं मी भोकं बुजवून रंग दिला. नीट दिला. दिसू नयेत म्हणून दुसरा हातसुद्धा मारला."

अकराव्या आठवड्यात पितळी दांड्या आल्या. मी शेरिलला कळवलं. ती घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दांडी आणि एक नळ पिशवीत घालून परत आली. दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. नळ पिवळसर, दांडी गुलाबी छटेची. कंपन्या वेगळ्या असल्या की नाव एक असूनही असं होतं. हे मला माहीत होतं, आणि तिला मी सांगितलं नव्हतं.

"जुळत नाहीये," ती म्हणाली.

लायल मागून वॉशरचं पाकीट घेऊन येत होता. तो थांबला.

"कोण धरणार आहे ती आता?" त्याने विचारलं.

"बाबा सणाला येतील. एखादी रात्र राहतील." तिने दांडी हातात घेतली. "तुम्हाला काय वाटतं मी कोण आहे? आईच्या शेवटच्या वर्षी सगळं घर दवाखाना झालं होतं. स्टीलची खुर्ची, स्टीलचं भांडं, तो वास. बाबांना मला त्यात ठेवायचं नव्हतं. छान खोली द्यायची होती."

लायलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला किळस आलीय, बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमची थोडी. माझी फार. जोआन, तुझीही."

पाकीट तिथंच ठेवून तो गेला.

मी दांडी परत पाठवली आणि तिच्या नळाच्या कंपनीकडून दुसरं काही मिळतं का ते बघते म्हटलं. मिळालं नाही. शेवटी तिने काहीच लावलं नाही. बाथरूम अजून तसंच आहे, फक्त टॉवेलच्या दांडीच्या जागी एक काळा हूक आहे.

लायलने नवी बाथरूमं करणं सोडलं. आता बॉयलर, तळघरातले पाइप आणि तुंबलेली गटारं, एवढंच घेतो. वृद्धाश्रमात पाण्याची मोटार बिघडली तेव्हा तो गेला होता. एल्मर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्याला वाटलं ओळख दाखवणार नाहीत. त्यांनी ओळखलं, आणि खोलीतला गळका नळ बघायला नेलं. साधा, जुना, क्रोमचा. लायलने त्याचा वॉशर बदलला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

एल्मर फेब्रुवारीत गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे बन आणि बटाट्याचं सॅलड होतं. शेरिल एकेकाजवळ जाऊन हात मिळवत होती. लायलपाशी आली तेव्हा त्याने हात दिला, दोन शब्द बोलला, मग कागदी बशी तशीच भरलेली कचऱ्यात टाकली आणि कोट घालून जिन्याने वर गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. जायला हवं होतं, पण काय बोलणार होते मी त्याच्याशी?