नाकावर लागलेला अंगारा

हे गेल्यापासून देवघरातला दिवा सून लावते. मी बघत बसते. पूजा झाली की हे अंगाऱ्याचं बोट माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवायचे. माझी भक्ती एवढीच. ते गेल्यावर देवापुढे हात जोडून काय म्हणायचं, तेच मला कळेना. त्यातच नाकाच्या शेंड्यावरची न भरणारी पुळी कर्करोगाची निघाली. ती काढून उरलेला खड्डा बुजवायला डॉक्टरांनी कपाळाच्या त्वचेचा पट्टा खाली वळवून नाकावर शिवला. त्याचं एक टोक भुवईपाशी जोडलेलंच ठेवलं होतं. त्यातून पट्ट्याला रक्त मिळतं. पट्टा नाकावर रुजला की ते टोक कापायचं.

ड्रेसिंगसाठी थांबले असताना बाकावर भिवापूरकडची एक बाई भेटली. नवऱ्याच्या भाजलेल्या हातासाठी आली होती.

"काहून रडून राहिली वं माय?"

कपाळाची कातडी नाकावर आणली आहे, एवढंच मी सांगितलं. तिने पिशवीतून पुडी काढली. "आमच्या देवीचा अंगारा हाय. पण तुह्या कपाळावर त बँडेज!" मग तीच हसली. "कपाळ खाली आलं न! मंग तिथंच लावतो."

नको म्हणेपर्यंत तिचं बोट नाकाला टेकलंही. मला मात्र ते कपाळाच्या मधोमध जाणवलं. अगदी तिथेच.

"काकू, जखमेवर राख?" डॉक्टर चिडले. पुसता पुसता म्हणाले, त्या त्वचेच्या नसा अजून कपाळाच्याच आहेत. टोक कापलं की असं वाटणार नाही.

मग मी शस्त्रक्रिया लांबवू लागले. कधी सर्दी, कधी एकादशी. रोज पूजेनंतर हात धुऊन हळूच नाकाला बोट लावायचे आणि हे आल्यासारखे वाटायचे.

"आई, ही सोंड किती दिवस ठेवणार?" सून म्हणाली.

"गणपतीला कोणी विचारतं का?" मी म्हटलं. ती हसली, पण डोळे पुसत आत गेली. त्या रात्री मी गोंधळून गेले. पूर्वी ते बोट आपणहून यायचं, मी फक्त डोळे मिटायचे. आता मीच ते ओढून आणत होते.

टोक कापलं. आता कपाळावर व्रण आहे आणि नाक बधिर. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. तिला देवीने पाठवलं की त्या नुसत्या नसा होत्या, मला अजून कळत नाही. तरी रोज तिची आठवण काढून हात जोडते.

परवा दिवा मी लावला. अंगारा घेतला, आणि बोट कुठे न्यावं ते सुचेना. सून शेजारी उभी होती. तिच्या कपाळावर टेकवलं. तिने डोळे मिटले, मी मिटायचे तसेच.